यू-टर्न नक्की कुठे चालतो? बोर्डच नसेल तर काय समजायचं?

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी, पक्कं लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि आता घरची गाडी बहुतेक मीच चालवते, आईला फिजिओथेरपीला न्यायचं, मुलाला क्लासला सोडायचं वगैरे. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, पातलीपाड्याच्या बाजूला. इकडे ज्यांनी गाडी चालवलीय त्यांना माहितीये, जिथे जायचंय ते ठिकाण समोर दिसत असतं पण दुभाजकाच्या पलीकडे, मग पुढच्या फ्लायओव्हरखालून वळून परत यायचं. त्यात मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड सारखे हलतात, एक कट बंद होतो, दुसरीकडे नवीन उघडतो, बोर्ड कधी असतो कधी नसतो.

आता प्रश्न असा की यू-टर्न कायद्याने नक्की कुठे घेता येतो? माझा भाऊ म्हणतो बंदीचा बोर्ड नाही ना, मग बिनधास्त घे. ऑफिसमधले एक सर म्हणतात उलट आहे, यू-टर्नचा निळा बोर्ड असेल तिथेच घ्यायचा, बाकी सगळीकडे बंदी. दोघंही अगदी ठामपणे सांगतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्टिअरिंग किती फिरवायचं ते शिकवलं, पण हे कोणी नीट सांगितलंच नाही.

अजून काही गोष्टी विचारायच्यात. सिग्नल लाल असताना यू-टर्न घेतला तर सिग्नल तोडला असं होतं का? उजवीकडच्या हिरव्या बाणावर यू-टर्न चालतो का? हायवेवर ढाब्यासमोर किंवा पेट्रोल पंपासमोर दुभाजकात जे कट असतात तिथून वळलेलं चालतं का? आणि दंड किती? आमच्या बिल्डिंगमधल्या एकांना मध्ये चलान आलं, त्यांचं म्हणणं की बोर्ड झाडामागे होता, दिसलाच नाही. अशा वेळी काय करायचं? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

क्लच_ब्रेक_सासवड

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी बरीच वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच, आणि दर बॅचला दोन तट पडतात, अगदी तुमच्या भावासारखा एक आणि ऑफिसातल्या सरांसारखा एक. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

नियम कुठला ते आधी सांगतो. २०१७ ला केंद्र सरकारने मोटर व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आणली, त्याआधी १९८९ ची रुल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स होती. दोन्हींचा गाभा एकच आहे. जिथे बोर्डाने मनाई केलीय तिथे यू-टर्न नाही, आणि जिथे वाहतूक सारखी वाहती आहे अशा गर्दीच्या रस्त्यावर पण नाही, मग बोर्ड असो वा नसो. ही दुसरी गोष्ट लोकांना माहितीच नसते. म्हणजे भावाचं "बोर्ड नाही तर बिनधास्त" हे चुकीचं आहे, कारण बोर्ड नसला तरी रस्ता कसा आहे आणि त्या वेळी वाहतूक कशी आहे हे बघायची जबाबदारी तुमचीच. आणि सरांचं म्हणणं पण बरोबर नाही, कारण निळा बोर्ड असेल तरच परवानगी असं कुठेही नाही, गावातल्या शांत रस्त्यावर, कॉलनीत, जिथे दोन्हीकडचं लांबपर्यंत दिसतंय आणि कोणी येत नाहीये तिथे यू-टर्न घेतला तर त्यात बेकायदा काही नाही.

बंदीचा बोर्ड म्हणजे लाल गोल, आत काळा वळलेला बाण आणि त्यावर तिरकी लाल पट्टी. उजवीकडे वळण्यास मनाईचा बोर्ड वेगळा असतो, त्यातला बाण नुसता उजवीकडे वळलेला असतो. काही जण म्हणतात उजव्या वळणाची मनाई आहे, यू-टर्नची थोडीच आहे. मी माझ्या पोरांना सांगतो की तिथे यू-टर्न पण घेऊ नका, कारण यू-टर्नची सुरुवात उजव्या वळणानेच होते आणि तिथल्या हवालदाराशी रस्त्यात उभं राहून वाद घालण्यात काही अर्थ नाही.

रस्त्यावरच्या रेघा पण बोर्डाइतक्याच महत्त्वाच्या. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मधोमध अखंड रेघ असेल, पिवळी असो की पांढरी, एक असो की दोन, ती ओलांडायची नाही, म्हणजे यू-टर्नपण नाही. तुटक रेघ असेल तर मोकळं बघून ओलांडता येते. वनवेवर यू-टर्न म्हणजे सरळ सरळ उलट्या दिशेने गाडी चालवणं. आणि घाटात, वळणावर, चढ जिथे संपतो तिथे, पुलावर, बोगद्यात, रेल्वे फाटकाजवळ मी कोणालाच वळू देत नाही, बोर्ड असला काय नसला काय, समोरच्याला तुम्ही दिसणारच नाही तिथे.

सिग्नलचं सांगतो. लाल असताना स्टॉप लाइन ओलांडून वळलात तर सिग्नल तोडला, यू-टर्न म्हणून काही सूट नाही. पण बऱ्याच ठिकाणी यू-टर्नचा कट मुद्दाम स्टॉप लाइनच्या अलीकडे ठेवलेला असतो, तिथे सिग्नलचा संबंध येत नाही, समोरून येणाऱ्यांना जाऊ देऊन वळायचं. त्यामुळे चौकात पोचलात की स्टॉप लाइन कुठे आहे आणि कट कुठे आहे ते आधी बघा. उजव्या हिरव्या बाणावर यू-टर्न घेता येतो, तिथे यू-टर्न बंदीचा बोर्ड नसेल तर. त्यात पण सिग्नलला न थांबता डावं वळण घेऊन येणाऱ्या गाड्या नेमक्या तुम्ही जिथे बाहेर पडता तिथेच येतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा, आणि झेब्रावर माणूस असेल तर तो आधी.

यू-टर्न घेणाऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी. सरळ जाणारा, वळणारा, पायी चालणारा, सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

दीपक_नाशिक

एवढं घाबरवायची काय गरज आहे नवीन माणसाला. मी नाशिक मुंबई कायम करतो, बोर्ड नसेल तिथे वळतो, आजपर्यंत कोणी अडवलं नाही. इंडिकेटर द्या, हात बाहेर काढा, समोरचा थांबतो. हायवेच्या कटला पण सगळे वळतातच, नाहीतर तीन चार किलोमीटर पुढे जाऊन परत यावं लागतं, डिझेल काय फुकट येतं का.

रस्तेवाला_अभियंता

दीपकराव, समोरचा थांबतो असं तुम्ही म्हणता, पण हायवेवर समोरचा थांबू शकत नाही, त्याची इच्छा असली तरी. मी रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो म्हणून हा हिशोब जरा मांडतो, कृपया सगळ्यांनी वाचा, कारण हायवेच्या कटवरचे अपघात फार वाईट असतात.

गाडी थांबलेल्या अवस्थेतून यू-टर्न घेऊन पलीकडच्या बाजूला सरळ होऊन वेग पकडेपर्यंत सहा ते आठ सेकंद सहज जातात. शंभरच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर येते. आठ सेकंदात सव्वादोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बारा डब्यांची लोकल जेवढी लांब असते तेवढं अंतर तो कापतो. तुम्ही वळायला सुरुवात करता तेव्हा समोरची गाडी त्याच्याही पलीकडे असायला हवी, तर त्याला ब्रेक लावायची वेळ येणार नाही. शहरात साठचा वेग धरला तरी सेकंदाला १७ मीटर, आठ सेकंदात १३० मीटरच्या वर. रात्री नुसते दोन दिवे दिसतात तेव्हा गाडी २०० मीटरवर आहे की ४०० वर हे कोणालाही नक्की कळत नाही, कितीही वर्षं गाडी चालवत असलात तरी.

दुसरी गोष्ट वळायला लागणाऱ्या जागेची. छोट्या हॅचबॅकची टर्निंग रेडियस पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण उलटं फिरायला दहा मीटर रुंदी हवी, मोठ्या गाडीला त्याहून जास्त. हायवेची एक लेन साडेतीन मीटरची. समजा दुभाजक दीड मीटरचा आहे आणि तुम्ही अगदी उजव्या लेनमध्ये दुभाजकाला लागून उभे आहात. तिथून वळलात तर पलीकडची पहिली लेन पूर्ण आडवी कापून तुम्ही दुसऱ्या लेनच्याही कडेला जाऊन पोचता. म्हणजे तुम्हाला एक लेन मोकळी असून भागत नाही, पलीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या लागतात, आणि त्यातली पहिली जी तुम्ही आडवी कापता ती सगळ्यात वेगवान गाड्यांची लेन.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्याकडे उजवी लेन ही ओव्हरटेकची, वेगाची लेन. कटवर वळायचं म्हणजे नेमकं त्याच लेनमध्ये थांबायचं. नीट बांधलेल्या कटला अलीकडे एक जादा लेन दिलेली असते वळणाऱ्यांना थांबायला, आणि दुभाजक तिथे गाडी मावेल एवढा रुंद ठेवलेला असतो. ढाब्यासमोरच्या, पंपासमोरच्या कटला यातलं काहीच नसतं, बरेच तर लोकांनी स्वतःच दुभाजक फोडून केलेले असतात. दीड मीटरच्या फटीत साडेतीन चार मीटरची गाडी उभी केली की एकतर पुढचा बंपर पलीकडच्या लेनमध्ये जातो नाहीतर मागची डिकी आपल्याच फास्ट लेनमध्ये राहते. मागून ट्रक येतोय, त्याच्या पुढे एक गाडी आहे, ती गाडी शेवटच्या क्षणी डावीकडे सरकते आणि ट्रकवाल्याला एकदम तुमची उभी गाडी दिसते. तो काय करणार?

म्हणून हायवेवर कट दिसला म्हणजे तो वळायला दिलाय असं समजू नका. अधिकृत कटच्या आधी लाल कडेचा त्रिकोणी बोर्ड असतो दुभाजकातल्या फटीची सूचना देणारा, थांबायला लेन असते, रात्री चमकणारे ब्लिंकर किंवा कॅट आय (रस्त्यात बसवलेले, हेडलाइट पडला की चमकणारे तुकडे) असतात. यातलं काहीच दिसत नसेल तर सरळ पुढे जा आणि अंडरपास किंवा फ्लायओव्हरखालून वळा. आता पुणे सातारा, पुणे नाशिक, मुंबई नाशिक अशा रस्त्यांवर सर्व्हिस रोड आणि अंडरपास बऱ्याच ठिकाणी झालेत, ते त्याच्यासाठीच आहेत.

एक्सप्रेसवेवर तर विषयच नाही. मुंबई पुणे असो की समृद्धी, यू-टर्न नाही, रिव्हर्स नाही, एक्झिट चुकली म्हणून कडेला थांबून मागे येणं पण नाही. लोणावळ्याचा फाटा चुकला तर पुढच्या एक्झिटपर्यंत जायचं, खाली उतरायचं आणि तिथून परत फिरायचं, जास्तीचा टोल लागला तरी चालेल. दुभाजकात कुठेकुठे बॅरियर लावलेल्या जागा दिसतात त्या पोलीस, ॲम्ब्युलन्स, क्रेन यांच्यासाठी असतात, एखाद वेळी उघड्या दिसल्या तरी त्या आपल्यासाठी नाहीत.

ताई, तुमच्या घोडबंदर रोडबद्दल. समोर दिसणाऱ्या ठिकाणासाठी पुढे जाऊन वळावं लागतं याचा राग येणं साहजिक आहे, पण त्यामागे कारण आहे. चार रस्ते मिळतात त्या चौकात सगळ्या दिशांना सगळी वळणं उघडी ठेवली तर गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात किंवा मिळतात अशा ३२ जागा तयार होतात. मधला दुभाजक बंद करून उजवी वळणं काढून टाकली आणि पुढे यू-टर्न दिला की यातल्या सगळ्यात धोक्याच्या, आडव्या धडकेच्या जागा जवळपास नाहीशा होतात. कुठे हे नीट केलं जातं, कुठे घाईत बॅरिकेड टाकून केलं जातं आणि बोर्ड लावायचं राहून जातं, ती तक्रार मात्र रास्त आहे आणि ती करायलाच हवी.

दीपक_नाशिक

दुभाजकाच्या रुंदीचा असा विचार खरंच कधी केला नव्हता. फोडलेल्या कटचं पटलं. पण मग गावातल्या लोकांनी काय करायचं, शेत रस्त्याच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या, त्यांना ट्रॅक्टर घेऊन अंडरपास शोधत कुठे जायचं?

रस्तेवाला_अभियंता

हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ड्रायव्हरकडे नाही, रस्ता बांधणाऱ्याकडे आहे. गाव दोन भागांत तुटणार असेल तर अंडरपास आणि दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड द्यायलाच हवा, आणि तो ट्रॅक्टर ट्रॉली, ऊस भरलेली बैलगाडी जाईल एवढा उंच हवा. ग्रामपंचायतीने ठराव करून हायवे प्राधिकरणाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते तिच्याकडे मागणी लावून धरावी. पाऊसपाण्याचे दिवस, अंधार, आणि आठ सेकंदांच्या जागी वीस सेकंद आडवी राहणारी ट्रॉली, हे फोडलेल्या कटवर फार भयंकर होतं.

ॲड_कोल्हापूर

कायद्याची बाजू मी सांगते, दंडाचं विचारलंय म्हणून.

बंदीचा बोर्ड असताना यू-टर्न घेतला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ११९, म्हणजे वाहतुकीची चिन्हं पाळण्याचं कर्तव्य, आणि दंड कलम १७७ खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत झाला, आधी १०० आणि ३०० होता. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. बोर्ड नसताना पण ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स मोडून वळलात, तर कलम १७७ अ आहे, त्यात ५०० ते १,००० रुपये. लाल सिग्नल तोडून वळलात किंवा यू-टर्न लांब आहे म्हणून सर्व्हिस रोडने उलट्या दिशेने आलात तर ते साधं प्रकरण राहत नाही, कलम १८४, धोकादायक रीतीने वाहन चालवणं, त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं. यू-टर्नच्या नादात लोक रॉंग साइडने येतात, त्यांना वाटतं पाचशेची पावती फाटेल फार तर, तसं नाहीये.

झाडामागच्या बोर्डाचं. चलान आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. ते कबूल नसेल तर भरू नका आणि गप्पही बसू नका, ही दुसरी गोष्ट लोक विसरतात, महिनोन्महिने पडून राहतं आणि मग एकदम नोटीस येते. महाट्रॅफिक ॲपवर आणि ई-चलानच्या साइटवर तक्रारीची सोय आहे, तिथे चलान नंबर टाकून म्हणणं मांडा. त्याच्या आधी जागेवर जाऊन फोटो काढा, आणि फोटो ड्रायव्हरला जसं दिसतं तसा हवा, म्हणजे रस्त्याच्या त्याच बाजूने, येण्याच्या दिशेने, थोडं लांबून. झाडाखाली उभं राहून वर बघून काढलेल्या फोटोचा उपयोग नाही. तारीख वेळ फोटोत येईल असं करा, कारण चलान आल्यावर चार दिवसांनी फांद्या छाटलेल्या असू शकतात. वाहतूक विभाग एखाद्या ठिकाणी यू-टर्न बंद करतो तेव्हा त्याचा लेखी आदेश असतो, तो आदेश माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात मागता येतो. आदेशात काय लिहिलंय, कुठल्या तारखेपासून, कुठल्या वेळेसाठी, तात्पुरता होता का, हे सगळं कळतं. तक्रार फेटाळली तर कोर्टात म्हणणं मांडायचा हक्क तुमच्याकडे राहतोच. तडजोडीने मिटवायचं असेल तर लोकअदालतीत अशी बरीच चलानं निघतात.

आता अपघाताचं. यू-टर्न घेताना कोणी येऊन धडकलं तर "मागून येणाऱ्याची चूक" हे वाक्य सगळे धरून बसतात. दावा न्यायाधिकरणापुढे गेला की दोघांनी काय केलं ते बघितलं जातं, यू-टर्न कुठे घेतला, इंडिकेटर होता का, समोरच्याचा वेग किती, रस्ता किती दिसत होता, आणि दोष वाटून दिला जातो, त्या प्रमाणात भरपाई कमी होते. जखमी माणूस तुम्ही असाल तर तुमच्या हातात कमी पैसे येतात. फौजदारी बाजू वेगळी चालते, बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं. गाडीला डॅशकॅम लावून घ्या असं मी माझ्या सगळ्या अशिलांना सांगते, नंतर कोणाची साक्ष शोधत फिरावं लागत नाही.

सॅनहोजेकर

इकडचं, अमेरिकेतलं थोडं लिहितो (इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून यू-टर्न डावीकडून), कारण भारतातून नवीन आलेले आपले लोक नेमके इथे गोंधळतात. कॅलिफोर्नियात सिग्नलला डावीकडच्या हिरव्या दिव्यावर किंवा हिरव्या बाणावर यू-टर्न घेता येतो, बंदीचा बोर्ड नसेल तर, आणि तो सगळ्यात डावीकडच्या लेनमधून. दुकानं ऑफिसं असलेल्या भागात चौकात किंवा दुभाजकाच्या उघड्या जागीच, मध्येच रस्त्यात नाही. घरांच्या वस्तीत २०० फुटांच्या आत कोणी येत असेल तर नाही. फायर स्टेशनच्या समोर तर कधीच नाही, हा नियम मला फार आवडतो. पण इथून उत्तरेला ओरेगनमध्ये गेलात की सिग्नलवर उलटं, तिथे परवानगीचा बोर्ड असेल तरच यू-टर्न. एकाच देशात शेजारच्या राज्यात उलट नियम. सुट्टीत गाडी भाड्याने घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या डीएमव्हीचं (म्हणजे आपल्या आरटीओसारखं खातं) ड्रायव्हर हँडबुक आधी चाळून घ्या, फुकट मिळतं.

घोडबंदरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ॲडव्होकेट ताई, ती आदेशाची कॉपी मागायची गोष्ट मी शेजारच्या काकांना सांगितली, ते अर्ज करतायत.

अजून दोन शंका. फ्लायओव्हरखाली यू-टर्न घेताना दोन दोन तीन तीन रांगा होतात, रिक्षा, बाइक सगळे शेजारी शेजारी, बस पण त्यातच, आणि बस वळायला लागली की मला कळतच नाही थांबू की जाऊ. बस आधी डावीकडे का जाते उजवीकडे वळायचं असताना? आणि दुसरी, काही जण यू-टर्न घेताना चारही इंडिकेटर लावतात, ते बरोबर आहे का?

क्लच_ब्रेक_सासवड

चारही इंडिकेटर अजिबात लावायचे नाहीत. चारही चालू असले की तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही, आणि गर्दीत समोरच्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसत असेल तर त्याला वाटतं डावीकडे वळतायत. ते दिवे गाडी बंद पडली, रस्त्यात अडकली यासाठी. यू-टर्नला फक्त उजवा इंडिकेटर, आणि तो कटला पोचल्यावर नाही, लेन बदलायच्या आधीपासून. आरसा, इंडिकेटर, परत आरसा, मग उजव्या खांद्यावरून मागे एक नजर, कारण आरशात न दिसणारी बाइक नेमकी तिथेच असते. बाइकवाल्यांनी पण वळणाऱ्या गाडीच्या उजव्या बाजूला आतमध्ये शिरू नये, गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून फिरतं, तिथे पाय चेपतो.

एसटी_स्टिअरिंग

बसचं मी सांगतो, आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगवर गेलं, आता निवृत्त आहे.

मुली, बस आधी डावीकडे जाते कारण तिला एवढी जागा लागते. बारा मीटरची बस, पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्यात खूप अंतर, त्यामुळे मागची चाकं आतून, दुभाजकाच्या बाजूने येतात. ड्रायव्हरने आधी बाहेर घेतली नाही तर मागचं चाक दुभाजकावर चढेल किंवा तिथे उभ्या बाइकवर जाईल. म्हणून बस डावीकडे गेलीय आणि उजवा इंडिकेटर चालू आहे म्हणजे ती उजवीकडेच वळणार, उजवीकडे मोकळी जागा दिसली म्हणून तिथे घुसायचं नाही. ती जागा रिकामी दिसते पण ती बसचीच आहे. आणि मागचा भाग पण बघायचा. मागच्या चाकाच्या मागे बसचा जो लांब भाग असतो तो वळताना उलट्या बाजूला, म्हणजे डावीकडे फेकला जातो. डावीकडे चिकटून उभी असलेली रिक्षा किंवा स्कूटर त्याने घासली जाते आणि ड्रायव्हरला त्या वेळी तो कोपरा दिसत नाही, त्याचं लक्ष उजव्या आरशात असतं.

तू काय करायचं, तर बसच्या मागेच थांबायचं, एक गाडी बसेल एवढं अंतर सोडून, बस पूर्ण वळून सरळ झाली की मग तुझी गाडी काढायची. बाजूने काढायला जाऊ नकोस, डावीकडूनही नाही उजवीकडूनही नाही. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. ड्रायव्हरला तुझी गाडी दिसते का हे ओळखायची साधी खूण अशी की बसच्या बाजूच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसलं पाहिजे, ते दिसत नसेल तर त्याला पण तू दिसत नाहीस.

ट्रॉली, कंटेनर यांना याच्याही दुप्पट जागा धरायची. कंटेनरला एका दमात यू-टर्न बसत नाही बऱ्याच ठिकाणी, तो अर्धा वळून थांबतो, थोडा मागे येतो, परत पुढे जातो. तो मागे येईल हे धरूनच थांबायचं.